कारण काय लिहू, भाऊसाहेब?

"गेला," गिरीश तेली म्हणाला.

"आला," मी म्हणालो.

"परत गेला बगा."

सकाळी दहापासून हाच खेळ चालला होता. ऑफिसातला दोन नंबरचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकायची, मग विंडोजची ती रंगीत खिडकी, खाली पट्टीची चुळबुळ. आता लागला म्हणेपर्यंत क्षणभर निळं काहीतरी लकाकायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. साडेअकरापर्यंत एकेचाळीस वेळा. मी मोजत होतो, कारण मला दुसरं काही करायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मजा येत होती.

गिरीश म्हणजे तासगावातला कॉम्प्युटरवाला. दुकानाच्या पाटीवर 'हार्डवेअर इंजिनिअर' असं लिहिलेलं. हा गडी आमच्याच कॉलेजात अकरावीला दोनदा आपटला आणि त्याचा दाखला मी माझ्या हातानं लिहिला, त्यामुळं त्याच्या इंजिनिअरपणाबद्दल मला किती आदर असेल ते समजून घ्या. त्यानं पेटी उघडली, आतली रॅमची पट्टी काढली आणि खिशातल्या खोडरबरानं घासायला लागला.

"काय चुकीचं लिहिलंय का रे तिच्यावर?" मी विचारलं.

"कार्बन धरतो भाऊसाहेब. घासलं की निम्मी मशिनं चालू हुत्यात."

हे मशीन उरलेल्या निम्म्यातलं निघालं. मग त्यानं पॉवर सप्लाय बदलून पाहिला. तरी तेच. शेवटी त्यानं हात झटकले आणि या लोकांचा जो एकच मंत्र असतो तो म्हटला, "फॉरमॅटच मारावा लागणार."

"मग मार की," मी म्हणालो. "वाट कसली बघतोस?"

"थांबा," खुर्चीतून आवाज आला. "फॉरमॅट नको."

ही उज्ज्वला झांबरे. नाव उज्ज्वला, आणि दोन्ही डोळ्यांनी जन्मापासून अंध. कॉलेजात पाच वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालच्या खोपट्यात बसायची आणि कुणाचा फोन कुणाला जोडायचा ते बघायची. बघायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पण २००९ साली शिपायाच्या खिशात मोबाईल आला होता, तिथं बोर्डावरच्या बाईला कोण विचारतो? संस्थेनं ठरवलं, ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला ऑपरेटरची जागा बंद. आमचे प्राचार्य शेंडगे सर दयाळू माणूस. म्हणजे दुसऱ्याच्या टेबलावर दया करणारा. त्यांनी संस्थेशी भांडून तिला तीन महिन्यांच्या बोलीवर माझ्या ऑफिसात आणून बसवली. तिनं लिपिकाचं काम करून दाखवलं तर जागा तिची, नाही तर एकतीस तारखेला घरी. घरी म्हातारी आई आणि एक भाचा, मिळवती ही एकटीच. हे मला ठाऊक होतं. सगळ्या ऑफिसाला ठाऊक होतं.

आणि त्या तीन महिन्यांचा शेवटचा दिवस हाच. गुरुवार, आठ ऑक्टोबर. चार वाजता सर येणार, तिच्याकडून एक पत्र टाइप करून घेणार आणि संध्याकाळी संस्थेला कळवणार.

"फॉरमॅट नको, तर काय आरती करायची का?" मी म्हणालो.

"यात अकरावीच्या सहाशे चाळीस मुलांची माहिती आहे, भाऊसाहेब. तीन महिने भरलीय मी. फॉरमॅट केलं की सगळी जाईल. आणि विंडोज परत घालून माझं सॉफ्टवेअर बसवेपर्यंत उद्याची दुपार होईल."

"हो, होईल," गिरीशनं प्रामाणिकपणे सांगितलं.

तिचं ते सॉफ्टवेअर म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर बोलून दाखवायचा. पहिले चार दिवस तिच्याकडं इयरफोन नव्हता, तेव्हा दिवसभर ऑफिसात त्या यंत्राची बडबड. मराठी असं वाचायचं की पाटण्याहून आलेल्या पाहुण्यानं दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. माझं डोकं उठायचं. चौथ्या दिवशी मी शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

तिनं मान वळवली. बरोब्बर माझ्या दिशेला.

"दळणारी मी, भाऊसाहेब. कुत्रं कोण, तेवढं सांगा."

सगळं ऑफिस हसलं. हणमंत शिपाई तर दाराबाहेर जाऊन हसला. बावीस वर्षं मुख्य लिपिक होतो मी. माझ्या टेबलापुढं प्राध्यापक उभे राहायचे, पगारपत्रकात काय चुकलं ते विचारायला, आणि मी मान वर न करता सांगायचो, "सोमवारी या." अशा माणसाच्या तोंडावर ही कालची पोर बोलली.

तेही मी गिळलं असतं. पण सप्टेंबरात तिनं अकरावी कॉमर्सची यादी कॉम्प्युटरवर ऐकता ऐकता सरांना सांगितलं, की एकाच मुलीचं नाव दोन ठिकाणी आहे, एकेचाळीसला आणि एकशे अठराला. यादी माझ्या रजिस्टरातली, अक्षर माझं. सरांनी भर ऑफिसात माझ्या पाठीवर थाप मारली. "कुंभोजकर, तुम्हाला जे दिसलं नाही ते हिला ऐकू आलं बरं का!" शेंडगे सर म्हणजे ज्यांना ईमेल उघडायला दोन माणसं लागायची. ते मला हसले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते मला त्या दिवशी समजलं.

आता सांगूनच टाकतो. तिचं ते बोलणारं सॉफ्टवेअर मी काढलं होतं.

दिवाळीआधी ऑफिसची झाडझूड ही माझी पद्धत. कपाटं उघडायची, फायली झटकायच्या, जुने फॉर्म, फुटक्या पट्ट्या, वाळलेले शाईचे पॅड बाहेर. नियम एकच, ज्याचा उपयोग काय ते मला सांगता येत नाही, ते रद्दीत. त्या वर्षी मी कॉम्प्युटरही झाडायला घेतला. बुधवारी ती दुपारनंतर रजेवर होती, आईला मिरजेला दवाखान्यात न्यायचं म्हणून. जेवणाच्या सुट्टीत मी दोन नंबरच्या मशीनवर माझ्या नावानं आत शिरलो, सॉफ्टवेअरची यादी उघडली आणि जे नाव ओळखीचं नाही ते काढत गेलो. अशी चार-पाच काढली. मग तिचं आलं. ते मात्र ओळखीचं होतं.

ते काढताना मशीननं विचारलं, आता रीस्टार्ट करू का? मी म्हटलं, नको. त्याचा एक फोल्डर मागं राहिलेला दिसला. लोणचं संपल्यावर बरणी कशाला ठेवायची, म्हणून तोही उडवला. मग सरळ मागचं बटण बंद करून डबा खायला गेलो. माझा हिशेब साधा होता. गुरुवारी ती येणार, मशीन गप्प बसलेलं असणार, चार वाजता सर येणार आणि पितळ उघडं पडणार. मशीन असं फेफरं आल्यासारखं करेल हे मला काय माहीत? पण झालं ते बरंच झालं म्हणायचं. फॉरमॅट मारला की कुणी काय केलं त्याचा मागमूसही राहणार नव्हता.

"सरांना विचारू," मी म्हणालो आणि स्वतःच उठून त्यांना घेऊन आलो.

शेंडगे सर आले आणि पोट सांभाळत मशीनकडं बघत राहिले. आजारी माणसाला बघायला आल्यासारखा चेहरा.

"तेली, काय म्हणतोस?"

"फॉरमॅट, सर."

"झांबरे?"

"सर, मला एक विचारायचंय." ती उभी राहिली. "या मशीनमधून कुणी काही काढलंय का? काल, परवा?"

ऑफिसात आम्ही सगळे होतो. पंखा फिरत होता. सरांनी माझ्याकडं पाहिलं, कारण ऑफिसचा धनी मी.

"कुणी हात लावलेला नाही," मी म्हणालो. "तुम्हीच काहीतरी दाबलं असेल, बाई. दिसत नाही म्हटल्यावर होतं एखादेवेळी."

तिचे ओठ एकमेकांवर दाबले गेले. एवढंच. सर खाकरले.

"चार वाजेपर्यंत वेळ आहे, झांबरे. तोवर झालं तर झालं. मला संस्थेला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. जागा ठेवा म्हणून किती दिवस भांडू मी?" आणि चपला फटफटवत गेले. हे त्यांचं भांडण.

पावणेबारा वाजले होते. ती गिरीशच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"गिरीशभाऊ, मशीन सुरू होताना एफ-आठ दाबत राहा. एक यादी येईल."

"यील की. सेफ मोडची."

"तिच्यात आपोआप रीस्टार्ट बंद करायची एक ओळ असते. ती घ्या."

"त्यानं काय हुतंय?"

"आत्ता कसं, लागलं-खुपलं की ते सांगायच्या आतच पळून जातंय. पळू दिलं नाही, तर थांबून सांगेल काय दुखतंय ते."

मला हसू आलं. इंजिनिअरला बाई शिकवतेय आणि तीही अशी. पण गिरीशनं मुकाट्यानं एफ-आठ दाबलं, ओळ शोधली. मशीन सुरू झालं, पट्टीची चुळबुळ झाली, निळं लकाकलं आणि या वेळी ते निळं तसंच राहिलं. पडदाभर पांढरी अक्षरं. इतका वेळ जे डोळ्यांचं पातं लवायच्या आत निसटत होतं ते आता समोर उभं होतं. दोन तास आम्ही दोन डोळस माणसं त्याच्याकडं बघत होतो.

"काहीतरी फाईलचं नाव हाय," गिरीश म्हणाला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं.

ती ऐकत होती.

"ही माझ्या सॉफ्टवेअरची फाईल आहे. पडदा वाचणारी. मशीन उठताना तिला हाक मारतं, आणि ती जाग्यावर नाही. म्हणून पुन्हा पहिल्यापासून." मग अगदी हळू म्हणाली, "माझं सॉफ्टवेअर काढलंय कुणीतरी. आणि काढलंय तेही अर्धवट."

गिरीशनं माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टर उघडलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात त्या वेळी तसलं काही नव्हतं. राग होता. ही बया आता तपास करणार.

तिनं पायाशी ठेवलेली कापडी पिशवी घेतली. डबा, पाण्याची बाटली, आणि तळाशी रबरबँड गुंडाळलेली सीडीची डबी. ओळखू यावी म्हणून रबरबँड. "फाईल यात आहे," ती म्हणाली. "मशीन सेफ मोडमध्ये घ्या, कमांड प्रॉम्प्टसकट. तिथं हुकूम टाइप करून ती परत जाग्यावर ठेवू."

गिरीशनं ते केलं. पडद्यावर अक्षरांची रांग लागली आणि मग पडदा काळा. नुसता काळा. एक मिनिट झालं, दोन झाली.

"संपलं," गिरीश म्हणाला. "डिस्प्लेच गेला मॅडम. काही दिसत न्हाई."

"काहीच नाही?"

"काळं कुळकुळीत. आता ह्यात काय करणार?"

मी टेबलामागून म्हणालो, "फॉरमॅट."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं संपलं. दीड वाजला होता. गिरीश टाचण्या, स्क्रू गोळा करायला लागला. आणि ती मात्र पुढं सरकली आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढून घेतला.

"गिरीशभाऊ, मी नमलॉक दाबतेय. दिवा लागतो का बघा."

"लागला."

"आता?"

"इझला."

"म्हणजे जिवंत आहे ते. नुसतं दिसत नाहीये."

आणि कामाला लागली.

मी तेहतीस वर्षं ऑफिसात काढली. टाइपरायटरवर मी मिनिटाला पंचावन्न शब्द मारायचो, संस्थेत पहिला. पण तेव्हा ती जे करत होती तसं मी काही पाहिलं नव्हतं. काळ्या पडद्यासमोर बसून ती एक ओळ टाइप करायची आणि थांबायची. मोजत असावी, ओठ हलत होते. एंटर. मग कान सीडीच्या खणाकडं. "फिरली का?" "फिरली, दिवा लागला." मग पुढची ओळ. एकदा तिनं काहीतरी चुकवलं असावं, कारण सीडी फिरलीच नाही. तिनं बोटं उचलली, मांडीवर पुसली आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून. गिरीश काळ्या पडद्याकडं बघत बसला होता आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं असावं, की या खोलीत पडदा न लागणारं माणूस एकच आहे. त्यानं मग डोळे पडद्यावरून काढले आणि तिच्या बोटांवर ठेवले. हणमंत चहा घेऊन आला आणि ट्रे हातात धरून तसाच उभा राहिला.

"आता बंद करते," ती म्हणाली. "या वेळी मी सांगितलं म्हणून बंद होईल."

एक ओळ. एंटर. मशीनचा पंखा थांबला, पुन्हा सुरू झाला. काळ्यावर पांढरी अक्षरं. रंगीत खिडकी. पट्टीची चुळबुळ. निळं आलं नाही. ती नेहमीची सुरावट वाजली आणि हिरव्या माळाचं चित्र पडद्यावर आलं, जणू काही झालंच नव्हतं.

"आयला!" हणमंत म्हणाला. ट्रेमधला चहा सांडला.

गिरीश उभा राहिला. "मॅडम, माझ्या दुकानात या तुमी. खरंच सांगतो." आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, खिशातलं ते खोडरबर काढून टेबलावर ठेवलं. येडा.

सॉफ्टवेअर पुन्हा बसवेपर्यंत साडेतीन झाले. मुलांची माहिती जशीच्या तशी होती, सहाशे चाळीस. तिनं ती आधी तपासली. मग इयरफोन कानात घातला आणि काहीतरी उघडून ऐकत बसली. बाण खाली, बाण खाली, बाण खाली. मी सही घेण्याच्या निमित्तानं तिच्या टेबलाजवळून गेलो. पडद्यावर रकान्यांची यादी होती, तारीख, वेळ, नावं. मला त्यातलं काही कळलं नाही. बाण एका ओळीवर थांबला.

"भाऊसाहेब?"

माझं पाऊल कसं ओळखलं, हे विचारायची सोय नव्हती. मी उभा राहिलो. तिनं एका कानातला इयरफोन काढला आणि हवेत माझ्याकडं धरला.

"ऐका."

मी वाकलो. का वाकलो कुणास ठाऊक. वायर आखूड होती, तिच्या डोक्याशेजारी डोकं न्यावं लागलं. कानात तो यंत्राचा आवाज, इंग्रजीत, सपाट, एकेक शब्द सुटा. सात, दहा, दोन हजार नऊ. एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं. तिच्या सॉफ्टवेअरचं नाव. काढण्याचं काम पूर्ण. वापरणाऱ्याचं नाव: कुंभोजकर.

त्या बेट्यानं नाव मात्र स्वच्छ उच्चारलं.

मी इयरफोन परत दिला. तिनं तो कानात घातला. तोंडावर काहीच नव्हतं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हिच्या डोळ्यांत बघून काही कळतही नाही, साधं रागावलीय की नाही तेसुद्धा. तोंड उघडेल, ओरडेल, सरांकडं जाईल. मी तयारी करत होतो. साफसफाईत चुकून गेलं, तेवढं एक वाक्य मनातल्या मनात घोळवून ठेवलं.

चारला सर आले. मशीन चालू बघून त्यांनी टाळीच वाजवली.

"वा, झांबरे! तेली, वा!" मग खुर्ची ओढून बसले. "आता पत्र. कुंभोजकर, तुम्ही सांगा, ती टाइप करेल. आणि असं करू, आजच्या प्रकाराचाच अहवाल संस्थेला पाठवू. कॉम्प्युटर बिघडला, दुरुस्त झाला. परीक्षाही होईल आणि कामही होईल. घ्या."

मी उभा राहिलो. हात मागं बांधले. असले अहवाल मी झोपेत सांगायचो.

"प्रति, माननीय सचिव. विषय, कार्यालयातील संगणक क्रमांक दोन नादुरुस्त झाल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, दिनांक आठ रोजी सकाळी दहा वाजता सदर संगणक वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होत असल्याचे निदर्शनास आले. सदर बिघाडाचे कारण..."

तिथं माझं वाक्य थांबलं.

तिची बोटं कीबोर्डवर टेकलेली. सर माझ्याकडं बघत होते, गिरीश माझ्याकडं बघत होता, हणमंत दारात. ती मात्र समोर भिंतीकडं तोंड करून.

"कारण काय लिहू, भाऊसाहेब?"

आवाज साधा. वाकडा नाही, गोड नाही. टाइप करणाऱ्यानं विचारावं तसा. तिच्या हातात सगळं होतं. एक वायर ओढून सरांच्या कानाशी नेली असती, की झालं असतं. आणि तिनं ते माझ्या हातात दिलं होतं. बघू, हा माणूस काय करतो.

"विजेच्या दाबातील चढउतार," मी म्हणालो.

"विजेच्या... दाबातील... चढउतार," ती टाइप करत म्हणाली. एकदाही अडखळली नाही. "पुढं?"

गिरीशनं तोंड उघडलं आणि मिटलं. सर मान डोलवत होते. "विजेचं काय, नेहमीचंच आहे." मी उरलेला मजकूर सांगितला, तिनं टाइप केला.

"वाचून दाखवू, सर?" तिनं विचारलं, आणि इयरफोनची पिन मशीनमधून उपसून काढली.

माझ्या बावीस वर्षांच्या ऑफिसात, माझ्या शिपायासमोर, तो परप्रांतीय आवाज माझं पत्र वाचायला लागला. मोठ्यानं. थांबत थांबत. सदर. बिघाडाचे. कारण. विजेच्या. दाबातील. चढउतार. मी म्हणत होतो तसंच, एक काना-मात्रा इकडची तिकडं नाही. ऐकताना सगळे कौतुकानं हसत होते. आम्ही दोघंच हसत नव्हतो.

"अप्रतिम," सर म्हणाले. "कुंभोजकर, सही घ्या. आणि झांबरे, एक तारखेपासून हे टेबल तुझं."

ती उठून उभी राहिली, हात जोडले. मग खाली बसली आणि पिन परत जागेवर घातली.

मला वाटलं होतं, पुढं कधीतरी ती हे काढेल. भांडणात, रागात, निदान टोमण्यात. पाच वर्षं आम्ही शेजारी बसलो, माझ्या निवृत्तीपर्यंत. एका शब्दानं नाही. दर दिवाळीला मी कपाटं उघडली की तिची पिशवी टेबलाखालून मांडीवर यायची, एवढंच. मीही तिला कधी काही म्हणालो नाही. काय म्हणणार? निरोपसमारंभात सरांनी माझ्या चोख कारभाराचं कौतुक केलं, तेव्हा तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

गेल्या वर्षी मला कॉलेजात जावं लागलं. माझ्या पेन्शनच्या कागदांत बायकोच्या नावाची नोंदच नाही, हे मला इतक्या वर्षांनी समजलं. मी गेलो तर तिला छदाम मिळणार नाही. आणि ते कागद भरले कुणी? मीच, माझ्या हातानं. दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढत जन्म गेला. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, दुसरं काय.

माझ्या जुन्या टेबलावर उज्ज्वला झांबरे बसली होती. मुख्य लिपिक. केस कानशिलाशी पांढरे झालेले.

"बसा, भाऊसाहेब," मी काही बोलायच्या आधीच म्हणाली. हणमंतचा मुलगा आता शिपाई आहे, त्याला चहा सांगितला. माझं ऐकून घेतलं, फॉर्म उघडला आणि भराभर भरत गेली. नाव, निवृत्तीची तारीख, बायकोचं नाव. मला काही म्हणजे काही विचारावं लागलं नाही तिला. मग बोटं थांबली.

"उशीर झालाय अर्जाला. इथं एक रकाना आहे." तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. "कारण काय लिहू, भाऊसाहेब?"

ऑफिसात पाचसहा पोरं काम करत होती. कुणी मान वर केली नाही.

"माझी चूक," मी म्हणालो. "माझी चूक होती. तसंच लिहा, बाई."

तिनं मान हलवली.

"असं लिहिलं की परत पाठवतात." बोटं कीबोर्डवर चालायला लागली. "विजेच्या दाबातील चढउतार लिहिते. मागं एकदा चाललं होतं."

तिनं कागद छापला, सहीच्या जागेवर बोट टेकवलं आणि माझ्यापुढं सरकवला.